यमुनाची पाच हात पाळ

सुकरामनं माझ्या बांधीचं तोंड पायानं बुजवलं. हातात फावडं होतं त्याच्या. तरी पायानं.

भादवा होता. पंधरा दिवस झाले पाऊस नव्हता. धान पोटरीत आला होता अन् बांधीतल्या, त्या धानाच्या वाफ्यातल्या, चिखलाले भेगा पडल्या होत्या. तलावाची मोरी खोलून पाट सुरू केला होता. वरच्या शेतापासून एकेकाची बारी खाली येत होती. माझ्या वरच्याची बारी संपली तसं मी वाकून तोंड मोकळं केलं. पाणी आत शिरलं. दोन-चार हात गेलं असल. ते भेगांत कसं उतरते ते मी पाहत बसलो होतो. तेवढ्यात सुकराम आला. गावाचा कारभार पाहणाऱ्या पटेलाचा गडी, पण राहणार माझ्याच टोल्यातला, म्हणजे वस्तीतला. त्यानं चिखलाचं ढेकूळ पायानं लोटलं, वरून टाच दाबली अन् बाजूले झाला. माझ्याकडे पाह्यलं नाही.

पाटाच्या काठावर पटेल छत्री घेऊन उभा होता. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. लहानपणी त्याले खांद्यावर बसवून मी बाजारात नेलं आहे. तेव्हाही तो मले 'अरे' म्हणे अन् मी त्याले 'मालक' म्हणे.

"तुझी बारी नाही," पटेल म्हणाला.

"काहून नाही?"

"जेठात पाळ भरायले आलता का तू?"

"माही बायको आलती. साऱ्या गावानं पाह्यलं."

"बाई गिनतीत येत नाही. नियम तुले माहीत आहे."

"पाच हात भरली तिनं, मालक. एकटीनं."

पटेल मागच्या लोकांकडे वळला. दहा-बारा जण होते, आपापल्या बारीची वाट पाहत. त्यांना म्हणाला, "ऐका रे. मेलेल्या बायकोच्या नावानं पाणी मागून राह्यला."

लोक हसले. सगळे नाही हसले. पण हसले.

यमुनाले जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

आमचं गाव लामत्याच्या पुढं, आत. दोन मोठे शेतकरी सोडले तं बाकी सगळे दोन-चार बांध्यांचे धनी. पाऊस चुकला की तलाव. दुसरं काही नाही. म्हणून बापजाद्यांनी एक रीत बांधून ठेवली. जेठात एक दिवस सारं गाव तलावाची पाळ भरते. पाळ म्हणजे तलाव अडवणारी मातीची भिंत. पावसानं, ढोरांनी ती खचते, तिच्यावर दरसाल माती चढवावी लागते. प्रत्येक घराले पाच हात पाळ. खुंट्या ठोकून देतात, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत तुझं. सकाळी सगळे मोहाच्या झाडाखाली जमतात. पटेल म्हणतो, "सगळ्यांचं काम, सगळ्यांचं पाणी." लोक म्हणतात, "हौ." मग माती. सांजेले जो तो आपल्या पाच हातांवर उभा राह्यतो. पटेल एका टोकापासून चालत येतो. ज्याच्यापाशी थांबला तो आपलं नाव मोठ्यानं सांगतो. साऱ्या गावाले ऐकू गेलं पाहिजे. नाव सांगितलं की त्या घराची पाण्याची बारी पक्की झाली.

मी बत्तीस वर्षं त्या पाळीवर उभा राहून नाव सांगितलं. बत्तीस वर्षं 'हौ' म्हटलं. ती रीत मले चांगली वाटे. खोटं कशाले सांगू. कोणाशी भांडण नाही, काही नाही, आपण माती टाकली की पाणी येते. एवढं सोपं या दुनियेत दुसरं काय आहे, असं मी यमुनाले सांगे.

त्या जेठात पाळ भरायच्या चार दिवस आधी कुंपणाच्या काट्या तोडताना माझ्या हातातली कुऱ्हाड निसटली अन् पायात रुतली. पाय सुजून खांबासारखा झाला. मी खाटेवर. घरात दुसरं कोणी नाही. एक पोरगी, ती लग्न होऊन बिरशाकडे गेलेली. मी म्हटलं, सुकरामले सांगतो, पटेलाले निरोप दे, एका दिवसानं माझे पाच हात मी मागून भरून देतो.

यमुना म्हणाली, "मागून कोण भरू देते? तुमी झोपा. पाच हात तं आहे."

टोपली अन् कुदळ घेऊन गेली. डोक्यावर ओला पंचा. दुपारी भाकर खायलेही आली नाही. तिच्या बापानं तिले शिकवलं होतं, नुसती माती टाकली की पहिल्या पावसात वाहून जाते, वरून हरळीचे गड्डे दाबायचे, मुळं माती धरतात. बाकीचे माती ओतून सावलीले बसले. ही नाल्याकडून हरळी उपटून आणे अन् पाळीवर दाबे. उपटून आणे अन् दाबे. हे मले आमच्या टोल्यातल्या भागरताबाईनं सांगितलं, नंतर.

सांज झाल्यावर यमुना घरी आली. चेहरा तव्यासारखा. भिंतीले टेकून बसली अन् पाणी प्यायली, लोटाभर, मग आणखी लोटाभर. मी विचारलं, "नाव सांगितलं?"

ती म्हणाली, "पटेल माह्यापाशी थांबलाच नाही."

"म्हणजे?"

"वरच्यापाशी थांबला, खालच्यापाशी थांबला. मी उभी होती. पाय न थांबवता गेला पुढं."

मी म्हटलं, "मी बोलतो त्याच्याशी."

एवढंच म्हटलं. हे मले अजून टोचते. ती हरळीनं कापलेले हात मांडीवर ठेवून बसली होती अन् मी म्हटलं, बोलतो.

तिले उन्हाची लू लागली होती. दुसऱ्या दिवशी अंग भट्टीसारखं. कैरी भाजून पाजली, कांदा लावला. बैलगाडीत टाकून लामत्याले नेलं तेव्हा ती बरळत होती, खुंटी सरकली, खुंटी सरकली म्हणून. तिसऱ्या दिवशी गेली.

पटेलाशी मी काही बोललो नाही. आधी क्रिया-कर्म, मग धानाचा रोवणा, लावणी. मले वाटलं, बाई मेली त्या कामात. आता बारीचं काय विचारायचं, ती तं मिळलच.

बारी कापली त्या दिवशी बांधीवरून घरी आलो तेव्हा मले ओरडून सांगायचं होतं, हा नियम खोटा आहे. टोल्यात सात-आठ माणसं ओट्यावर बसून होती. मी तोंड उघडलं अन् समोर भागरताबाई दिसली, डोक्यावर सरपण घेऊन जाताना. तोंड तसंच मिटलं.

ते सांगायलाच पाहिजे. नाही सांगितलं तं हे सारं लिहिणं फुकट.

भागरताबाई विधवा. घरात पुरुष नाही. तीन वर्षांआधी तिचा नवरा वारला, त्या जेठात तिनंही आपले पाच हात भरले होते. भादव्यात तिची बारी कापली. बाई गिनतीत नाही म्हणून. ती बारीची वेळ खालच्यांत वाटली गेली, अन् तिच्या लगेच खाली मी. माझ्या बांध्यांले त्या वर्षी दुपटीनं पाणी मिळालं. धान असा झाला होता की घरात ठेवायले जागा नव्हती. भागरताबाई माझ्या दारात आली होती. म्हणाली, "भाऊ, तू जुना माणूस, तुझं पटेल ऐकल. एक शब्द बोल." मी काय म्हटलं? म्हटलं, "बाई, गावाचा नियम आहे. मी काय करू?"

यमुना आत चुलीपाशी होती. भागरताबाई गेल्यावर ती बाहेर आली अन् म्हणाली, "त्या बाईचं पाणी आपल्या बांधीत आहे. अन् तुमी नियम सांगता."

मी चिडलो. म्हटलं, तुले काय समजते. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बोलायले लागली. बायका बोलायले लागतात. आपल्याले वाटते विसरली.

म्हणून टोल्यातल्या त्या सात-आठ जणांवर मी रागावू शकलो नाही. माझ्या खालचा जो होता, मंसाराम, त्याले माझी बारी मिळाली होती. त्याले म्हटलं, "तू तरी बोल." तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "दादा, तुझं तं गेलं. आता माहं काहून घालवतो?" तीन वर्षांआधी मी जे मनात म्हटलं होतं ते यानं तोंडानं म्हटलं. एवढाच फरक.

दोन दिवसांनी पटेलाचा पुतण्या आला. बालाघाटच्या कचेरीत वकिली करते. नागपुरात शिकला. पोरगा वाईट नाही. मले 'काका' म्हणते, खाटेवर बसते, घरचं पाणी पिते. त्याले काकानं पाठवलं होतं, म्हाताऱ्याले समजाव म्हणून.

तो म्हणाला, "काका, मले सांगा, कायदा नसता तं काय झालं असतं? पहिले माणसं जंगलात राहत. जो तगडा तो खाय. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, प्रत्येकानं आपला थोडा-थोडा हक सोडायचा अन् एका नियमानं राहायचं. तो करार आहे. त्यालेच समाज म्हणतात. आज तुमच्यासाठी नियम मोडला तं उद्या जो तो मोडल. पाळ कोण भरल मग?"

मी म्हटलं, "ज्या दिवशी ठरवलं, त्या बैठकीत बाया होत्या का?"

तो हसला. "काका, अशी बैठक काही खरंच भरली नव्हती. ते मानून चालायचं असते."

"भरलीच नाही?"

"नाही. समजण्यासाठी आहे ते."

"मग मी त्यात हौ कधी म्हटलं?"

"तुम्ही गावात राहता, तलावाचं पाणी घेता, रस्त्यानं चालता. म्हणजे म्हटलंच ना. पसंत नसल तं माणूस गाव सोडून जाऊ शकते. नाही गेला, म्हणजे त्याले कबूल आहे."

मी तिसरी शिकलो. त्याच्यासारखं बोलता येत नाही. पण माझ्या डोक्यात एक-एक गोष्ट जागेवर बसत गेली. मी म्हटलं, "कुठं जाऊ? यमुनाले या नाल्यावर जाळलं. दोन बांध्या डोक्यावर घेऊन जाऊ का मलाजखंडच्या खाणीवर?"

त्यानं पाण्याचा लोटा खाली ठेवला.

मी म्हटलं, "बरं, एक सांग. तुझ्या काकाच्या पाच हातांवर सांजेले कोण उभा राह्यते?"

"सुकराम."

"नाव कोणाचं सांगते?"

"काकाचं."

"बत्तीस वर्षांत मी तुझ्या काकाच्या हातात टोपली पाह्यली नाही. तुझ्या आजाच्याही नाही. तरी त्याची बारी पहिली. तुमचा गडी तुमच्या नावानं चालते. मग माही बायको माह्या नावानं काहून चालत नाही?"

त्यानं चष्मा काढून सदऱ्यानं पुसला. म्हणाला, "ते बरोबर आहे, काका. पण व्यवहार वेगळा असते." मग जाता जाता उंबऱ्यापाशी थांबला अन् ज्यासाठी आला होता ते सांगितलं. सोमवारी मोहाखाली बैठक आहे. नारळ घेऊन या. पटेलापुढं ठेवा, डोकं टेकवा, चूक झाली म्हणा. काकानं कबूल केलं आहे, त्याच दुपारी तुमच्या बांधीत पाणी सोडतील. "धान वाचल, काका. आणखी आठ दिवस नाही निघणार त्याचे."

ते खरं होतं. पोटरीतला धान आठ दिवस नाही निघत. मले दुसरं काही पीक नव्हतं.

सोमवारी मी नारळ घेऊन निघालो. हे लपवत नाही. टेकवायलेच निघालो होतो. म्हटलं, डोकं टेकवल्यानं काय झिजते? आजवर काय कमी टेकवलं?

मोहाकडे जायचं तं पाळीवरूनच जावं लागते. पाय लंगडत होता, म्हणून खाली पाहून चालत होतो. पाळीवर जागोजागी घळी पडल्या होत्या. श्रावणातल्या पावसानं माती कापून नेलेली. मंसारामच्या हिश्श्यात पाय घोट्यापर्यंत गेला. पटेलाच्या हिश्श्यात तं सुकरामनं टाकलेली माती अर्धी उरली होती, खालून पाझर दिसत होता. अन् मग एकदम पाय टणक जागी पडला. मी थांबलो. पाच हात. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत हिरवीगार हरळी, दाट, एक ढेकूळ हाललं नव्हतं. गड्डे रांगेत लावलेले कळत होते. ती घरी गोवऱ्या थापे तशाच रांगेत.

मी तिथं बसलो. तलाव समोर होता. त्यातलं पाणी जे अडून होतं त्यात एवढं, पाच हातांएवढं, तिनं अडवलेलं होतं. ते पाणी पटेलाच्या शेतात गेलं, मंसारामच्या गेलं, साऱ्या टोल्याच्या गेलं. माझ्याच बांधीत जाऊ शकत नव्हतं. अन् मी 'चूक झाली' म्हणायले चाललो होतो. कोणाची चूक? तिची?

उठलो. मोहाखाली सारं गाव बसलं होतं. पुरुष पुढं, बाया मागं दूर, डोक्यावर पदर घेऊन. पटेल खुर्चीवर, पुतण्या त्याच्या बाजूले. पटेल म्हणाला, "ये रे. आणला का नारळ? ठेव इथं."

मी म्हटलं, "चूक झाली."

पटेलानं मान हालवली. पुतण्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मी म्हटलं, "पण ती तुमच्यापाशी नाही झाली." अन् मी पुरुषांच्या मधातून चालत मागं गेलो. बाया सरकल्या. भागरताबाई कडेले बसली होती. मी तिच्यापुढं नारळ ठेवला अन् डोकं टेकवलं. जमिनीले लावलं. म्हटलं, "बाई, तीन वर्षांआधी तुझं पाणी मी घेतलं. यमुना बोलली होती. मी ऐकलं नाही."

कोणी हसलं नाही. सुकराम उभा होता तो खाली बसला, का कोण जाणे.

मले वाटलं होतं भागरताबाई रडल. ती रडली नाही. नारळाकडे पाहून म्हणाली, "आता याचं काय करू, भाऊ? माहा धान तेव्हाच वाळला."

मी नारळ तिच्याकडे आणखी सरकवला.

ती म्हणाली, "पुढच्या जेठात माह्या पाच हातांवर मी उभी राह्यीन तेव्हा बाजूले उभा राह्यतो का, ते सांग. नारळ घेऊन जा."

पटेल उठला. म्हणाला, "याले पाणी नाही. या वर्षी नाही, पुढं नाही. अन् जो याले आपल्या बारीतलं देईल, त्याचीही बारी गेली." पुतण्या त्याच्या कानाशी काही बोलायले लागला. पटेलानं त्याले हातानं गप्प केलं. करार शिकून आलेला पोरगा खुर्चीच्या मागं सरकला.

धान वाळला. आठ नाही, अकरा दिवस टिकला. मी रोज जाऊन पाहत होतो. पोटरीतून बाहेर आलेली लोंबी पांढरी, आत दाणा नाही, हातात चोळली तं भुसा. ढोरांले टाकला. त्या बांध्यांत मग लाखोरी डाळीचं बी फेकलं, आता तीच डाळ खाऊन राह्यतो. पोरगी म्हणते, बाबा, बिरशाले या. जात नाही. गेलो तं तो वकील म्हणल, पाहा, पसंत नव्हतं म्हणून गेला.

टोल्यातले लोक माझ्याशी बोलतात, पण पटेलाचा माणूस दिसला की उठून जातात. मी त्यांना वाईट म्हणत नाही. प्रत्येकाले आपली बांधी दिसते. मलेही तेच दिसे. पण एक गोष्ट मी त्यांना ओट्यावर बसून सांगितली आहे, अन् इथं लिहून ठेवतो. भागरताची बारी गेली तेव्हा मी म्हटलं माझं काय जाते. माझी गेली तेव्हा मंसाराम म्हणाला माहं काहून घालवतो. उद्या मंसारामची गेली तं त्याच्या खालचा तेच म्हणल, अन् पटेल सगळ्यात वर आहे. मंसाराम ऐकून उठला अन् घरी गेला. चार दिवसांनी मात्र त्याची बायको माझ्या दारात येऊन गेली. विचारलं, हरळीचे गड्डे कुठून आणले होते यमुनाबाईनं? मी नाल्याची जागा दाखवली.

जेठाले दीड महिना आहे. सुकराम खुंट्या ठोकायले येईल. माझ्या पाच हातांची खुंटी त्यानं नाही ठोकली तं मी ठोकीन. भागरताबाईचीही मीच ठोकीन. दिवसभर दोघंही माती टाकू. सकाळी पटेल "सगळ्यांचं काम, सगळ्यांचं पाणी" म्हणल तेव्हा मी हौ म्हणणार नाही. सांजेले तो चालत येईल. भागरताबाईपाशी थांबला नाही तं मी त्याच्या पुढं उभा राह्यीन, वाट देणार नाही. आधी ती आपलं नाव सांगल. मग मी माझ्या हिश्श्यावर जाऊन यमुनाचं नाव सांगीन. माझं नाही. साऱ्या गावाले ऐकू जाईल असं.

ऐकून घेतलं तं त्या दिवशी पहिल्यांदा हौ म्हणीन. नाही घेतलं तं टोपली तिथंच उपडी करीन अन् यापुढं त्या पाळीवर माझ्या हातची माती पडणार नाही. दोन्ही बांध्या वाळतील. वाळू दे. त्या वाळताना मी एकदा पाह्यल्या आहेत.